मांदेलीचे केस का गळतात?

तळवली गावात राजाबाई मढवीला सगळे 'चौकशीबाई' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. रस्ता खणायला जेसीबी आला की ही कमरेवर हात ठेवून हजर. पाइप कुठून येतो, कुठे जातो, फुटला तर कोणाला बोलवायचं, सगळं त्या ड्रायव्हरकडून काढून घेतल्याशिवाय हलायची नाही. बापाची भातशेती गेली, तिथे शहर उभं राहिलं. नवऱ्याने गावठाणात चार मजली बिल्डिंग बांधली आणि वर्षभरात तोही गेला. पण बाईचं कुतूहल काही सरकारला संपादन करता आलं नाही.

वरच्या मजल्यांवर भाडेकरू. तळमजल्यावर राजाबाई, मुलगा अंकुश, सून सुचिता, पाच महिन्यांचा नातू ऋषी आणि मांदेली. मांदेली म्हणजे घरची मांजर. अंगाचा रंग मांदेलीच्या मासळीसारखा पिवळाधमक, म्हणून राजाबाईनेच तिचं नाव तसं ठेवलं. उन्हात बसली की अशी चकाकायची की शेजारपाजारचे लोक मुद्दाम थांबून बघायचे, आणि राजाबाई जणू स्वतःच्याच वेणीचं कौतुक चाललंय अशी लाजायची.

त्या मांदेलीचे केस गळायला लागले. नुसते गळत होते असं नाही, अंगावरचे राहिलेलेही राठ झाले, पाठीवर कोंडा दिसायला लागला. पोटाखाली तर एके ठिकाणी कातडीच उघडी पडली.

"का गो असं झालं तुला?" राजाबाई तिला उलटीपालटी करून बघायची. मांदेली काय सांगणार, कपाळ!

केस गोधडीवर, केस पाळण्यात. एक दिवस ऋषीच्या तोंडातून सुचिताने केस ओढून काढला आणि तिचा पारा चढला. सुचिता मूळची साताऱ्याकडची, वाढली तुर्भ्यात, बाप मार्केटात माथाडी. बोलणं सरळ, आडपडदा नाही.

"आई, मला मांजराचं वावडं नाही. पण हे बाळाच्या पोटात गेलं तर? रविवारपर्यंत बघा काय ते. नाहीतर दत्तू घेऊन जाईल तिला, त्याच्या गोदामात उंदीर झालेत."

दत्तू तिचा भाऊ. त्याचं गोदाम तुर्भ्याला, दिवसभर ट्रक मागे-पुढे होत असतात. घरात लोळणारं मांजर तिथे आठवडाभर तरी टिकेल का? पण नातवापुढे राजाबाई बोलणार काय!

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण त्या घरात ती राजाबाईवाचून कोणालाच ठाऊक नव्हती. ऋषीच्या आधी सुचिताला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पदरी निराशा आली होती. तिसऱ्या वेळी राजाबाई देव्हाऱ्यापुढे बसली आणि म्हणाली, "आई एकवीरा, या बारीला पोर हाती दे. कार्ल्याला येऊन त्याचं जावळ काढीन. तवर मासली-मटनाचं वशाट माझ्या हाताला लागनार नाय, नि माझ्या उंबऱ्याच्या आत येनार नाय." आगरी घरातली बाई, ताटात मासळी नसेल तर घास न उतरणारी, तिने हे बोलणं म्हणजे काय ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. आणि तिच्या आईची शिकवण अशी की नवस देवीला सांगायचा. तो फिटेपर्यंत माणसाच्या कानावर घालायचा नाही, घातला तर गेला.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात बोंबील तळताना सुचिताला मळमळलं होतं आणि ती बोलून गेली होती, "आई, वास सहन होत नाही हो." दुसऱ्या दिवसापासून घरात मासळी बंद. सुचिताची समजूत झाली की सासूने रागाने बंद केली. तिने दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं, "आई, आता काही होत नाही मला, करा ना." राजाबाई नुसतं हूं करायची आणि डाळीला फोडणी द्यायची. अंकुश न्हावा शेव्याला कस्टम एजंटकडे कामाला. तो दुपारी खानावळीत सुरमई हाणायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. शहाणा माणूस.

मांजराचं काय, ते दूधभात खाईल, पोळी खाईल, असं राजाबाईने धरलं होतं. आता मात्र तिने चौकशी सुरू केली.

घणसोलीत जनावरांच्या खाण्याचं नवं दुकान निघालं होतं. कुंदन नावाचा तरुण मालक एसीत बसलेला. राजाबाईने जाताच विचारलं, "केसांना चकाकी येनारं काय हाय?"

"कोणाच्या? तुमच्या की मांजराच्या?" कुंदन हसला.

"मांजराच्या. माझ्या केसांना आता कोन बघतंय?"

त्याने फळीवरून पाकिटं काढली. कोरडं खाणं, ओलं खाणं, केसांसाठी खास खाणं. वर ओमेगाची बाटली, दाबली की थेंब येणारी. राजाबाईच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. ओमेगा म्हणजे काय? पावडर की तेल? थ्री आणि सिक्स यात थोरला कोण? कुंदन बिचारा सांगत गेला, की ओमेगा हा चरबीचाच प्रकार आहे, कातडीला आणि केसांना लागतो, आणि पाकीट घेताना यादीत पहिलं नाव मांसाचं आहे ना ते बघायचं.

"नि या बाटलीत काय हाय?"

"सामन माशाचं तेल, मावशी."

"सामन म्हंजे आपला रावस?"

"तसाच काहीतरी. थंड समुद्रातला."

त्याने झाकण उघडलं. वास आला मात्र, राजाबाईचे डोळेच मिटले. कित्येक महिन्यांनी नाकात मासळी! तोंडाला पाणी सुटलं आणि पाठोपाठ नवस आठवला. तिने हात पदराखाली घेतला. "बिनवशाटाचं काय नाय?"

कुंदनने फळी पुन्हा चाळली. एक पाकीट कोंबडीचं, दुसरं टूनाचं, तिसरं मटणाच्या काळजाचं. अख्ख्या दुकानात शाकाहारी मांजराची सोय नव्हती. शेवटी तो म्हणाला, "ओमेगा जवसात पण असतं, पण मांजराला..." पुढचं ऐकायला राजाबाई थांबली कुठे! ती वाण्याकडे पोचलीसुद्धा.

तिने जवस भाजले, कुटले, दूधभातात कालवले. मांदेलीने वास घेतला, राजाबाईकडे असं पाहिलं की बाईलाच अपराध्यासारखं वाटलं, आणि भुकेपोटी खाल्लं. दोन दिवसांनी तिचं पोट बिघडलं, आणि तेही नेमकं ऋषीच्या धुतलेल्या दुपट्यावर.

"बास आई," सुचिता म्हणाली. "उद्या डॉक्टरला दाखवू. मी पण येते. त्या काय म्हणतात ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

रविवारी ऋषीला अंकुशच्या मांडीवर ठेवून दोघी मांदेलीला पिशवीत घालून निघाल्या. डॉक्टर नमिताने मांजर टेबलावर घेतलं. पिसवा बघितल्या, बुरशी बघितली, दात बघितले. राजाबाई तिच्या खांद्यावरून डोकावून प्रत्येक गोष्टीचं नाव विचारत होती. मग डॉक्टरने विचारलं, "खायला काय देता?"

"दूधभात. पोली. आता जवस दिलं."

"मासे, चिकन?"

"नाय."

"मग केस कुठून येणार, आजी? मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. जवसातलं ओमेगा तिच्या अंगी फारसं लागतच नाही, तिला ते माशातूनच लागतं. आणि नुसतं तेल पाजूनही भागायचं नाही. आधी रोजचं खाणं धड हवं, ज्यावर संपूर्ण आहार असं लिहिलंय ते. वर माशाच्या तेलाचे वजनाप्रमाणे थेंब. माणसांच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. दोनेक महिन्यांत फरक दिसेल."

"म्हणजे केस गळायचे थांबतील?" सुचिताने विचारलं.

"थांबतील की. आजार नाहीच तिला. उपाशी आहे ती."

उपाशी! राजाबाईला तो शब्द जिव्हारी लागला. डोळे भरून आले. आपण हौसेने पाळलेलं जनावर आपल्याच घरात उपाशी राहिलं, आणि आपण त्याला जवस चारत बसलो!

डॉक्टरने पाकीट आणि बाटली पुढे केली. राजाबाईने हात मागे घेतला. "हे घरात नाय येनार."

"अहो आई!" सुचिताचा आवाज चढला. "मी एकदा काय बोलले, तुम्ही जन्माचं धरून बसलात. मी हात जोडते, आणा घरात मासळी. मला बोल लावायला त्या मुक्या जनावराचे हाल कशाला?"

सांगावं तर नवस मोडतो, आणि नवस कोणाच्या जिवासाठी बोललेला, हे राजाबाईला एकटीलाच माहीत. न सांगावं तर मांदेली जाते. तिने मांदेलीच्या उघड्या पडलेल्या पोटावरून हात फिरवला.

"दत्तूला बोलव," ती म्हणाली. "ने म्हन तिला. पन खायला नीट घाल म्हनावं." आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसली, भिंतीकडे तोंड करून.

मांजरासाठी वाण्यापर्यंत धावणारी बाई, रागापायी मांजर सोडून देईल? सुचिताला हे काही जुळेना. रागावलेलं माणूस असं रडत नाही.

"कधीपासून बंद आहे मासळी?" डॉक्टर कार्डावर लिहिता लिहिता सहज विचारत होती.

सुचिता सांगायला गेली आणि अडखळली. गेल्या वर्षी गौरी गेल्या त्या आठवड्यात. त्याच आठवड्यात तिने दिवस गेल्याचं घरात सांगितलं होतं. मळमळ कधीच संपली, बाळंतपण झालं, तरी सासूने मासळीला बोट लावलं नाही. कोणाच्या हळदीला मटणाच्या पंगतीत बसली तरी भातावर वरण घेऊन उठली. आणि परवाच अंकुशला बजावत होती, बाकी काही कर, पण जावळाला कार्ल्याला जायची रजा आधी काढून ठेव.

सुचिताच्या सगळं लक्षात आलं. तिने पाकीट घेतलं, बाटली घेतली, पैसे दिले.

घरी आल्यावर राजाबाई आत जाऊन ऋषीला घेऊन बसली, दत्तूची वाट बघत. बऱ्याच वेळाने बाहेरून मांदेलीचं गुरगुरणं ऐकू आलं, घास कोणी हिसकावू नये म्हणून मांजर करतं तसलं. राजाबाई नातवाला कडेवर घेऊन दारात आली. बाहेर पायरीवर सुचिता बसली होती, नाकाला ओढणी बांधून. समोर एक जुनी थाळी, त्यात ते खाणं, वर ती तेलाचे थेंब मोजून सोडत होती. ताजी मासळी वेगळी, या तेलाच्या उग्र वासाने डोळ्यांत पाणी आलेलं, पण हात थांबला नव्हता. मांदेली थाळीत मुंडकं घालून तुटून पडली होती.

"आत आणलं नाही आई," सुचिता मान वर न करता म्हणाली. "तुमच्या हाताला पण लागू देणार नाही. बाटली तिथे मीटरच्या पेटीत ठेवीन. जावळ होईस्तोवर रोज मीच घालीन, इथे बाहेर. दत्तूला नको म्हणून सांगितलंय."

राजाबाई उंबऱ्याच्या आतच खाली बसली. "तुला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही तर नाहीच." सुचिताने ओढणी खाली केली. "इतके महिने मी तुमच्यावर रुसून होते, आई. एकदा तरी रागवायचंत माझ्यावर."

राजाबाईने आतून हात लांब केला आणि सुनेच्या पाठीवर ठेवला.