काळ्याचा रकाना

१९७४ च्या दिवाळीनंतर कुंभार पिंपळगावात एक जीप आली आणि मालनबाई सरकारी झाली. म्हणजे तिच्या खांद्याला खाकी पिशवी आली, पिशवीत पत्र्याचे दोन डबे आणि डब्यांत लाल गोळ्या. गोळीनं गरोदर बायकांचं रक्त वाढतं का, हे मुंबईची एक संस्था तपासत होती. मलेरियावाल्यांनी भिंतींवर गेरूनं टाकलेले घरनंबर आयते होतेच. सम नंबराला पहिला डबा, विषम नंबराला दुसरा. एकात लोहाचं औषध, दुसऱ्यात नुसती खडूची पूड, रंग तोच. कशात काय, हे मुंबईच्या लाखबंद पाकिटात. त्या संस्थेच्या डॉक्टर भालचंद्रांनी आमच्या ओसरीवर पोहे खाता खाता हे सगळं माझ्या मास्तर नवऱ्याला इंग्रजीत समजावलं. पाकिटातलं आपल्यालाही ठाऊक नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. मालनबाईला एवढंच सांगितलं, "ताकदीच्या गोळ्या आहेत. डबे बदलू नकोस." आईच्या वयाच्या बाईला हा माणूस अगंतुगं करत होता.

मालनबाई बौद्धवाड्यातली, चौथी शिकलेली, दवाखान्यात शिकून आलेली सुईण. निम्मं गाव तिच्या हातात जन्मलं. पण गोळी घेताना काही घरांत हात लांबूनच पसरला जाई. ती वरून टाकी आणि हसत विचारी, "लेकरू बी वरूनच टाकलं आस्तं का गं?"

तिचं घर सदतीस नंबरचं. सून बेबीनंदा, सहावा महिना लागलेली. पहिल्या खेपेला इतकं रक्त गेलं होतं की मूल हातचं गेलं आणि ती कशीबशी वाचली. आता हंडा आणताना दोनदा टेकायची. नखं पांढरी, ओठ पांढरे. सासू तिला रोज समोर बसवून गोळी गिळायला लावी.

तीन आठवड्यांनी अडतीस नंबरची गिरिजाबाई तिला बाजूला घेऊन कुजबुजली, "गोळी घेऊन राह्यले तवापासून परसाकडं काळं होऊन राह्यलं. आत काही सडलं का वं?"

"सडत न्हाई. लोखंड हाय ते," मालनबाई म्हणाली. दवाखान्यातल्या नर्सनं तिला तसं शिकवलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं. बेबीनंदाला तर तसं काहीच होत नव्हतं.

मग तिनं गोळी घेणाऱ्या चाळीसही घरांत विचारलं. डॉक्टरांच्या फॉर्मवर चक्कर, धाप, जीभ, भूक, सगळ्यांना रकाने होते, काळ्याला नव्हता. बायकांना असलं कसं विचारायचं, म्हणून सुशिक्षित माणूस लाजला होता. चार दिवसांत उत्तर आलं. सम घरं सगळी काळी, विषम घरांत काळं एकातही नाही. मुंबईचं लाखबंद पाकीट ओढ्याकाठी परसाकडं जाणाऱ्या बायकांनी फोडलं होतं.

पुढच्या खेपेला जीप आली तेव्हा ती ओसरीखाली उभी राहिली. "डाक्टरसाहेब, दोन नंबरात औषिद न्हाई. माझ्या सुनेला एक नंबर द्या."

"तुला कुणी सांगितलं? मलाच माहीत नाही!"

"तुमाला माहीत न्हाई, मला हाय. सांगू का कसं?"

"नको!" डॉक्टर जवळजवळ किंचाळले. "कुणाला कळलं तर अभ्यास बिघडतो. यादी म्हणजे यादी."

"तिचं पयलं लेकरू गेल्तं, साहेब."

"शास्त्रात सून-बीन नसते, बाई," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या चहाला हो म्हटलं. तो मी दिला नाही. दूध नासलं म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मालनबाईनं सगळ्या गावाला आज एक नंबर, उद्या दोन नंबर अशी गोळी लावली. बेबीनंदाला मात्र रोज एक नंबर. तेवढा पक्षपात तिनं केला आणि गावापासून लपवला नाही. गिरिजाबाईनंच तिला "बराबर केलं" म्हटलं.

फाल्गुनात भर दुपारी बेबीनंदाला मुलगी झाली. रक्त गेलं, पण थांबलं. संध्याकाळी ती उठून बसली आणि तिनं भाकरी मागितली.

शेवटी बोटं टोचून रक्त तपासलं. दोन्ही डब्यांच्या बायकांचं रक्त सारखंच वाढलेलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे औषधाची गरजच नाही! बायकांना नुसता विश्वास वाटला तरी रक्त वाढतं. तसंच लिहितो."

मालनबाई दारातच होती. "तसं लिव्हलं तर उद्या गोळी बंद व्हईल ना?"

"अर्थात."

"मंग लिव्हू नका. म्या आलटूनपालटून दिल्या."

डॉक्टरांनी पिशवी हिसकावून घेतली. ती म्हणाली, "डबे बी घ्या. घासून ठिवलेत."

वर्षानं छापील अहवाल आमच्याकडे आला. त्यात आमच्या गावाला एकच ओळ. मी तिला मराठीत वाचून दाखवली: गोळ्या वाटणाऱ्या स्त्रीच्या अज्ञानामुळे एक गाव वगळावे लागले.

"अज्ञान म्हंजी मी का?"

"तुम्हीच."

नात तिच्या मांडीवर बसून पदराचं टोक चघळत होती. ते तोंडातून काढत मालनबाईनं विचारलं, "त्यात काळ्याचं कुठं लिव्हलंय का?"

मी पानं पुन्हा चाळली. नव्हतं.

ती खदखदून हसली. "मंग डाक्टर पुढच्या गावात बी दोन डबे घेऊनच जाईल, आन् बाया तिथं बी वळखतील. येडं."