आमच्या वावरातलं तीन बोटांचं जनावर

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वावरातून एक डायनासोर चालत गेला. तो डायनासोर मी होते.

गोरेगावजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. जीवाश्मांचा धडा चालू होता. मी फळ्यावर डायनासोरचा सांगाडा काढला (पोरांना ती मोडकी बाज वाटली), कोट्यवधी वर्षांचा हिशेब सांगितला, आपली कोंबडी ही डायनासोरांच्याच खानदानातली आहे हेही सांगून टाकलं. पोरं ढिम्म! शेवटी पल्लवी उठली. ही तांड्यावरची पोरगी, हरवलेली शेळी नुसत्या खुरांच्या मागावर शोधून आणणारी.

"मॅडम, आपल्याकडं काहून न्हाई घावत डायनासोर?"

"अगं, आपल्याकडं सगळा लाव्हाचा काळा दगड. त्यात कसे सापडणार?"

"मंग आमी काय, पुस्तकातच पाह्यचं का?"

लागलं ना ते माझ्या मनाला! पाऊलखुणासुद्धा जीवाश्म होऊ शकतात. ओल्या चिखलात उमटायच्या, वाळायच्या, वर गाळ बसायचा आणि मग त्यांचा दगड व्हायचा. दगड होईपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता, पण चिखल होता. आमच्या वावरात विहिरीजवळ पाइप फुटून काळ्या मातीचा असा मऊशार गारा झाला होता, की एखाद्या डायनासोरलाही मोह पडावा.

नवऱ्याला पटवलं. त्यानं जुन्या कपाटाची फळी कापून तीन बोटांचे, दीड-दीड फूट लांब दोन पाय बनवले. शनिवारी अर्धी शाळा. सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो आणि गल्ली आबा, गोरेगावला बाजाराला गेलेले. सासूबाई घरी. संध्याकाळी मी काळं स्वेटर घातलं, डोक्याला मफलर गुंडाळला, सुतळीनं फळ्या चपलांना बांधल्या आणि गाऱ्यात उतरले.

"लांब टांगा टाक," बांधावरून नवरा ओरडला. "डायनासोर हायेस तू!"

टांग पुरेना, म्हणून मी उड्या मारत निघाले. बारा पावलं झकास उमटली. तेराव्याला पाय सटकला आणि मी बसले. फतकल मारूनच बसले! नवरा हसत बांधावर आडवा झाला. मी म्हटलं, राहू दे, डायनासोरही दमून बसत असतीलच. सोमवारी पोरांना आणायचं, मोजमापं घ्यायला लावायची. घरात कुणाला काही सांगितलं नाही. (का? तर म्हणे सगळ्यांना गंमत वाटावी!)

रविवारी सकाळी मी न्हाऊन केस वाळवत होते, तेवढ्यात कापूस वेचणाऱ्या बायका रिकाम्या हातांनी दारात. त्यांची पुढारीण गंगाबाई चांगलीच तापलेली.

"आमी न्हाई जात तुमच्या वावरात! तिथं भलं मोठं कोंबडं फिरून राहिलं."

"कोंबडं?" सासूबाई.

"व्हय! पाय हा असा, सुपाएवढा. तीन बोटं!"

सासूबाई विचारात पडल्या. "आगं बया! मंग अंडं केवढं आसंल?"

शास्त्रीयदृष्ट्या दोघी अगदी बराबर वाटेवर होत्या. अख्ख्या वर्गाला जे दोन दिवस उमगलं नव्हतं, ते त्यांनी चहाच्या आधी शोधलं होतं!

मी तोंड उघडलं. खरं सांगते, कबूल करायलाच उघडलं. पण तेवढ्यात मामा खाकरले. अंगणात एव्हाना अर्धी गल्ली जमली होती, आणि एवढी माणसं फुकट जमलेली मामांना वाया घालवता येत नाहीत.

"कोंबडं न्हाई ते," मामा म्हणाले. "म्या सोता पाह्यलं. काल जीपमधून उतरून वावराकडून येऊन राहिलो व्हतो. कापसाच्या पल्याड कायतरी काळं, रेड्यावानी थोराड, उड्या मारून राहिलं व्हतं. अन् मंग एकदम खाली बसलं."

मी स्वतःकडे एकदा पाहून घेतलं. रेड्यावानी?

"मंग तुमी काय केलं, आबा?" कुणीतरी विचारलं.

"काय करणार? त्याच्या डोळ्यात डोळे घालून पाह्यलं. तवा कुठं गेलं ते!"

झालं! आता मी बोलले असते तर सगळ्या गल्लीसमोर मामा खोटे पडले असते. आणि गप्प राहावं, तर कापूस उभ्या झाडावर फुटून लोंबत होता आणि आभाळ भरून येत होतं. एक सर आली असती तर पांढऱ्या सोन्याचं काळं पोतेरं झालं असतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हशीला पाणी पाजायला निघून गेला. ती म्हैस त्या दिवशी नऊ वेळा पाणी प्यायली.

दुपारपर्यंत ठशांचे फोटो कळमनुरीपर्यंत पोचले. माझ्याच मावसबहिणीनं तिथून ते मला पाठवले, खाली लिहिलं होतं, "सांभाळून राह्य, तुमच्याच भागात हाय म्हणं." रात्री मला घास गेला नाही. सासूबाईंना वाटलं मी घाबरले. त्यांनी माझी दृष्ट काढली!

सोमवारी सकाळी ते फोटो पाहून वनरक्षक आले. वावरात पोचते तर माझा सातवीचा वर्ग माझ्याआधीच हजर, पट्ट्या, वह्या, मोजायची दोरी घेऊन. गंगाबाईची टोळी बांधावर, गल्ली बाभळीखाली, मामा मधोमध, सासूबाई त्यांच्या मागे. वनरक्षक कंबरेवर हात ठेवून ठशांकडे पाहत होते, आणि पल्लवी गाऱ्याच्या कडेला उकिडवी बसली होती.

"मॅडम," तिनं हाक मारली, "ह्याला दोन्ही पाय उजवेच हायेत."

"अं?"

"हे पाहा ना. आखूड बोट दर पावलाला एकाच अंगाला हाय. डावा पायच न्हाई याला!"

(नवऱ्यानं एकाच कागदावरून दोन्ही फळ्या कापल्या होत्या. तो आत्ताही म्हशीकडेच होता.)

"अन् हे लई जड न्हाई, मॅडम. बाजूला बैलाचा पाय बघा केवढा आत गेला. हे सत्तर किलोच्या आतबाहेर आसंल."

"सत्तर नाही, त्रेसष्ट!" मी म्हणाले.

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं, तेराव्या पावलापाशी गेली, तिथला गोल, ऐसपैस खड्डा पाहिला, पुन्हा मला पाहिलं, आणि शेजारी रुतलेली हिरवी काचेची बांगडी दोन बोटांनी उचलली.

"मॅडम, तुमी इथं पडल्या का हो?"

मग मी सगळं सांगितलं. एका दमात, सुतळीसकट. आधी गंगाबाई हसली, मग तिची टोळी, मग वर्ग, मग बाभळीखालची सगळी गल्ली. मी मात्र मामांकडे पाहत होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. आणि मग हळूहळू ते फुलत गेलं.

"मंग? म्या काय खोटं बोललो व्हतो?" मामा गरजले. "काळं व्हतं का न्हाई? उड्या मारत व्हतं का न्हाई? बसलं का न्हाई?"

"रेड्यावानी पण म्हणले व्हते, आबा," गंगाबाई म्हणाली.

"म्हणलो व्हतो!" मामा ठाम राहिले.

बायकांनी हसत हसत ओट्या बांधल्या आणि त्या कापसात शिरल्या. माझा वर्गही मागोमाग शिरला. मोजमापं केव्हाच झाली होती, आणि सांगायला आनंद वाटतो की अख्ख्या सातवीला ठशावरून प्राण्याचं वजन काढता येतं. दुपारी चार थेंब पडले, तोवर सगळा कापूस घरात होता.

सकाळी बायका कापसात शिरल्या, तेव्हा वनरक्षक तेवढे वही उघडून उभे राहिले होते.

"मॅडम, मी वर फोन करून निघालोय. आता पाहणीचा कागद कोरा कसा देऊ? प्राण्याच्या रकान्यात काय लिहू?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मामा पुढे झाले.

"पाळीव लिवा, साहेब. आमच्याच घरचं हाय."

"पाळीव?" मागून सासूबाईंचा आवाज आला. "बारा सालं झाली आणून, आजून माणसाळलं न्हाई!"