धाऊच्या चालीचं बारसं

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीत फुंकून वाजवायचा भोपळ्याचा तारपा वाजवावा तो धाऊनेच. तारप्यावर नाचायच्या बावीस चाली त्याला येत, पण एकीलाही धड नाव नव्हतं. एक 'सासू उठली', तर एक 'कोंबडा हरवला'. चाल वाजवणाऱ्याने वाजवायची आणि बारसं नाचणाऱ्यांनी करायचं, अशी तिथली रीतच. वाजवणाऱ्याने स्वतःचं नाव घेतलं, तर वाडी हसून हसून त्याला नकोसं करी.

यातली एकच चाल धाऊची स्वतःची. पहिली लेक झाली, तेव्हा भाताची राखण करताना जुळवलेली. एका लग्नात त्याने ती पहिल्यांदा वाजवली आणि फेरातला जगन, पोटात जरा जास्त गेल्यामुळे, सपशेल आडवा झाला. झालं! चालीचं नाव पडलं 'जगन पडला'. जगनला जन्मात साधी शिट्टी वाजवता आली नाही, पण तीस वर्षं नाव मात्र त्याचं. धाऊला हे फार लागायचं. आता तर पुढचे दात गेले होते, फुंक निसटत होती. आपण गेल्यावर चाल जगनचीच राहणार, या घोराने त्याला घास गोड लागेना.

अशात मुरबाडच्या कॉलेजातल्या माधुरीबाई चालींची माहिती टिपायला आल्या. शेजारी जगन ऐटीत बसला होता.

"'जगन पडला' कोणी रचली?" बाईंनी विचारलं.

"मीच," धाऊ एकदाचा म्हणाला.

"अरं, वाजवली असशील तू," जगन म्हणाला. "पन मी पडलो नसतो, तं तुझ्या चालीला कोन इचारीत व्हता?"

भांडण नको म्हणून बाईंनी 'पारंपरिक' असं लिहून टाकलं. आता ती जगनचीही राहिली नाही.

धाऊचं डोकंच फिरलं. वैशाखात, पुतणी राहीच्या लग्नात, त्याने भर मांडवात माइक हातात घेतला. "आयका रे! ही चाल जगनची नाय. माझी हाय, धाऊची. माझ्या पोरीसाठी केलेली!" मग उरल्यासुरल्या दातांनिशी त्याने अशी वाजवली की शकूने, त्याच्या बायकोने, डोळ्यांना पदर लावला. जगनही नाचला आणि कोणी पडलं नाही. धाऊला वाटलं, जिंकलो.

पुढच्या लग्नात पोरांनी फेर धरला आणि एकच गलका केला, "बाबा, ती वाजव ना, 'धाऊ बोलला'!"

नाव तर लागलं होतं. सगळ्यांत मोठ्याने जगन हसत होता. धाऊने गाल फुगवले आणि वाजवायला घेतली.