मावशीच्या परसातली रस्त्याची लाईट

माझी मावशी भांडायची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्या गावात, दिघाशीत गेलात तर तिच्याविषयी भलतंसलतं ऐकाल. तिनं कधी कुणाला शिवी दिली नाही की कुणाच्या दारात उभं राहून आवाज चढवला नाही. कुणी वाकडं बोललं की ती पदराच्या टोकाला एक गाठ मारायची आणि म्हणायची, "बरं." ओळखणाऱ्यांना तिच्या त्या "बरं"चीच धास्ती. लुगडं धुवायला टाकलं की गाठी मोजून नव्या पदरावर मारल्या जायच्या. फेड झाली की गाठ सुटायची, आणि त्या दिवशी घरात काहीतरी गोड व्हायचं.

तिच्या नणंदेनं एकदा भर हळदीत बायकांसमोर म्हटलं होतं, "वहिनीचा हात जड, वडे दगड होतात." मावशी "बरं" म्हणाली. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच नणंदेच्या मुलाची हळद आली. मावशीनं पहाटेपासून बसून असे वडे केले, की माणसं मटणाचा रस्सा संपला तरी नुसते वडे खात होती. नणंद ताट घेऊन आली तेव्हा मावशीनं तिच्या ताटात प्रेमानं दोन पाव ठेवले. "बायो, माजा हात जड. तुना पचनार न्हाय." त्या रात्री तिनं मला शिरा करून खाऊ घातला.

तिला मूलबाळ नव्हतं. काका लवकर गेले. माझी आई तिची धाकटी बहीण, आम्ही शहरात, कामतघरला लूमच्या खडखडाटात राहायचो आणि सुट्टी लागली की मला मावशीकडे पाठवलं जायचं. घर, मागं परस, परसात वांगी-मिरच्या आणि एक म्हैस, आणि परसाच्या पलीकडे काकांनी स्वतः खणलेली विहीर, एवढा तिचा संसार. विहिरीचं पाणी सोडून दुसरं पाणी तिला गोड लागायचं नाही. आमच्याकडे आली तर बाटलीत भरून आणायची. "तुमचा नळाचा पानी तुमी प्या," म्हणायची.

आता भावजी. मावशीचा धाकटा दीर, पण ती भावजी म्हणायची म्हणून आम्हीही सगळे भावजीच म्हणायचो. हायवेकडची जमीन गोदामांना दिल्यापासून त्यांच्या अंगावर पांढरे कपडे आणि पायात पांढरे बूट आले. या माणसानं कधी नांगराला हात लावला असेल, असं कुणाला सांगून पटलं नसतं. परसामागचं भाताचं शेत मात्र त्यांचंच होतं आणि ते मजुरांकडून लावून घ्यायचे. दर पावसाळ्यात ट्रॅक्टर फिरायचा आणि दर पावसाळ्यात मधला बांध हातभर मावशीकडे सरकायचा. हद्दीचे दगड असेच एका वर्षी नाहीसे झाले. होता होता एवढी पट्टी गेली, की आणखी एकदा बांध सरकला असता तर मावशीला विहिरीकडे जायला वाटच उरली नसती.

ती बोलायला गेली तेव्हा मी सोबत होते. भावजी गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून म्हणाले, "वहिनी, बांध पहिल्यापासून तिथंच हाय. आनि एकट्या बाईला विहीर कशाला? टँकर सांगा, मी पाठवतो."

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार एवढ्यात मावशीनं माझा हात दाबला. दुसऱ्या हातानं ती पदर चाचपत होती.

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "निजामपुऱ्यात चल. लाईट घ्यायची हाय." मला वाटलं बल्ब असेल. दुकानात तिनं काउंटरवरच्या सगळ्या ट्यूब बाजूला सारल्या आणि वर टांगलेल्या रस्त्याच्या एलईडी लाईटकडे बोट केलं. नगरपालिकेच्या खांबावर असते तसली, चपटी, सुपाएवढी.

दुकानदार हसला. "अम्मा, ये रोड की लाईट है. घर में लगाओगी तो आँखें जाएँगी."

"घर में नको. पिछाडी लगानी हाय."

"पिछाडी कितनी बडी है?"

"अबी छोटी हाय," मावशी म्हणाली. "लाईट लगी तो बडी होंगी."

आमच्या आळीतल्या सिद्धार्थ वायरमननं परसात लोखंडी पाईप रोवला, वर आडवी दांडी बसवली आणि तिला लाईट अडकवली. मग खरं काम सुरू झालं. तिन्हीसांजेला लाईट लावून मावशी काठी घेऊन भातात शिरली आणि विहिरीच्या कोपऱ्यापासून उंबराच्या बुंध्यापर्यंत सरळ चालत गेली. जुना बांध तिथून जायचा. जिथं काठी टेकवेल तिथं उजेड संपला पाहिजे, पुढं बोटभर जायला नको, असा तिचा हट्ट. सिद्धार्थ शिडीवरून लाईट वाकवत होता, पुढं पत्र्याची झापड लावत होता, पुन्हा वाकवत होता. "मावशी, उजेडाला कोण कुंपण घालतं का?" तो कावून म्हणाला. "तू घाल," मावशी म्हणाली. त्यानं घातलं.

विचारणाऱ्यांना ती सांगायची, म्हातारं मानूस, परसात सापकिरडू, अंधाराचं दिसत न्हाय. विधवा बाईनं आपल्या परसात दिवा लावला तर कोण काय बोलणार? भावजींना तर तो आवडलाच. गाडी थांबवून म्हणाले, "झ्याक केलंत वहिनी. आमच्या बाजूलापन उजेड पडतो, फुकटात."

"तुमच्यासाठीच लावलीय, भावजी."

लाईटच्या उजेडाखाली भात निसवत नाही. रोपाला रात्र मोठी झाल्याचं कळतच नाही, मग ते नुसतं वाढत राहतं, लोंबी धरत नाही. आमच्या तालुक्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रस्त्याच्या खांबाखालचा तुकडा दरसाल हिरवा राहिलेला सगळे बघतात. भावजींनाही एके काळी ठाऊक होतं, पण भाडं खाता खाता माणूस शेत विसरला. नवरात्रात मजूर त्यांना म्हणाला, "शेठ, इधर का माल कच्चा है." शेठनी काय करावं? त्या पट्टीत युरिया टाकायला सांगितला! पट्टी आणखी हिरवीगार झाली. गावात सगळ्यांना दिसत होतं, पण भावजींनी कुणाचा बांध शिल्लक ठेवला होता म्हणून कोण त्यांना सांगायला जाईल?

कापणीच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेले. आख्खं शेत पिवळंधमक आणि परसाला लागून एक हिरवी पट्टी, विहिरीच्या कोपऱ्यापासून उंबरापर्यंत, दोरी धरून आखल्यासारखी. रस्त्यावर माणसं जमली. भावजींच्या वडिलांकडे ज्यांनी नांगर धरला होता ते एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, हा तर जुना बांध!"

हशा पिकला. भावजी पांढऱ्या बुटांनी चिखलात उभे होते. "कसला बांध? बांध पहिल्यापासून..." असं काहीतरी म्हणत ते एकेक बूट चिखलातून उपसायला लागले.

मावशी विळा घेऊन पट्टीत उतरली. "भावजी, पिवलं तुमचं, हिरवं माजं. पेरलंत तुमी, खत घातलंत तुमी, माज्या म्हशीवर लय उपकार झाले." आणि सगळ्यांच्या देखत तिनं ती पट्टी कापली. एक माणूस अडवायला पुढं झाला नाही. म्हैस पुढं कितीतरी दिवस भावजींचा युरिया रवंथ करत होती. दगड आठवड्याच्या आत जागेवर आले, भावजींनीच आणून लावले. लोक म्हणतात, नात्यात इतकं ताणू नये, वाईट वाटायला हवं. मला नाही वाटत. भावजींचे ते बूट आठवले की आजही मला बरं वाटतं.

त्या दिवशी घरात गोड होईल म्हणून मी वाट बघत होते. झालं नाही. गाठ तशीच होती. "जमीन भेटली," मावशी म्हणाली. "'एकट्या बाईला विहीर कशाला' बोलला, त्याचं काय?"

गेल्या वर्षी ती आजारी पडली. भावजी शहाळं घेऊन आले, कॉटशी बसले, डोळे पुसले. "वहिनी, झालं गेलं विसरा. माफ करा."

"केलं," ती म्हणाली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "मग सोड की आता गाठ."

"तोंडानं केलं ना? बस झालं. पदराचं पदर बघंल."

गाठीसकट गेली ती. मी खूप रडले, अजूनही विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं की रडू येतं. दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेना. भावजींनी हात जोडले. "वहिनी, जागेला हात लावनार न्हाय." कावळे ढिम्म. "विहिरीची वाट मोकली ठेवीन." नाहीच. मग ते जरा मोठ्यानं म्हणाले, "ती लाईट मी काढून घेतो, तुमच्या नावानं देवलापुढं लावतो." त्यातल्या त्यात जवळच्या फांदीवर एक कावळा होता, तोही पलीकडच्या झाडावर गेला.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी पुढं झाले आणि पिंडाला हात जोडून म्हटलं, "मावशी, लाईट आहे तिथंच राहील. रोज संध्याकाळी चालू होईल."

माझा हात खाली यायच्या आत कावळा पिंडावर होता.

बायकांनी पदर तोंडाला लावले. भावजी माझ्याकडे बघून म्हणाले, "कावल्याला भूक लागली व्हती. तू आपली कामतघरला जा, इथलं आमी बघू."

मावशी असती तर तिनं जे केलं असतं तेच मी केलं. पदर नव्हता, ओढणी होती. तिच्या टोकाला घट्ट गाठ मारली आणि म्हटलं, "बरं."