दिवेलागणीची फिल्म

या जगात एखाद्या गोष्टीला झटकन नावं ठेवणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण एखादी गोष्ट आपल्याला आवडली, एवढं ठरवायला कपाशीचे कितीतरी हंगाम घालवणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी मावससासू निघाली. अमडापूरच्या या मावशी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. शेत स्वतः पाहायच्या, आणि औरंगाबादहून आणलेल्या जुन्या कॅमेऱ्यासाठी अंधुक उजेडात चालणारी ब्लॅक अँड व्हाईट फिल्म शोधायच्या. कपाशीचं बीटी बियाणं नवीन आलं होतं ते दिवस. गावात जो तो दरवर्षी बियाण्याचं पाकीट बदलत होता आणि शेजाऱ्याचं पीक पाहून हळहळत होता. मावशी म्हणत, फिल्मचंही तसंच असतं, आपल्या मातीत लावल्याशिवाय कळत नाही.

बीटीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची एक लहान पुडी येई. ती शेताच्या काठाने लावायची, म्हणजे अळीने काय खायचं ते तिथे खावं. ती पुडी सगळं गाव फेकून द्यायचं. मावशी मात्र नेमाने लावत. आणि हाच नियम त्यांनी फिल्मलाही लावला होता. रोलच्या सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो बिघडायचेच, तेव्हा ते अळीचे. मधली जागा गावातल्या माणसांची. आणि काठावर? काठावर मी. देऊळगाव राजाहून मोठ्या हौसेने सासुरवाडीला जाणाऱ्या जावयाला त्या दिवेलागणीला, लाइन गेली की दाराशी बसवत. "जवाईबापू, हालू नका. उजेड नाकावरच हाये, गालावर येऊ द्या."

वाचनालयात फोटोग्राफीची दोन इंग्रजी मासिकं चाळल्यामुळे मी त्या काळी स्वतःला जाणकार समजत होतो. एकदा मी त्यांना फिल्मच्या दाण्यावर, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांवर, चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. त्यांनी ते शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं ऐकावं तसं ऐकलं आणि विचारलं, "हा दाणा ज्वारीएवढा का खसखशीएवढा?" मी मासिकातला इंग्रजी शब्द पुन्हा म्हणून दाखवला. मग त्यांनी मोरीच्या दाराला गोधड्या लावून तीन कंपन्यांचे रोल धुतले आणि माझे तीन चेहरे दोरीवर वाळत घातले. पिवळ्या डबीच्या फिल्मवर मी भरतासाठी भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होतो. हिरव्या डबीच्या फिल्मवर गुळगुळीत, नवऱ्या मुलासारखा. तिसऱ्या फिल्मवर मी चक्क हुशार दिसत होतो. बायकोने बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ही फिल्म खोटी आहे." मावशींनीही ती तेवढ्यावरच बाद केली.

फ्लॅश त्यांना चालत नसे, आणि त्यामागे एक गोष्ट होती. शेजारच्या गल्लीतला एक माणूस त्या वर्षी फवारणीचं औषध पिऊन गेला. भिंतीवर लावायला घरात त्याचा फोटोच नव्हता. मतदार कार्डावरचा चेहरा स्टुडिओतून मोठा करून आणला, तेव्हा त्याची बायको मावशींना म्हणाली, "हे त्यायचं तोंड नाही, बाई. असे भेदरेल नव्हते ते." त्या दिवसापासून मावशींनी ठरवलं, की माणसाचा फोटो त्याच्या घरात, असेल त्या उजेडात काढायचा, तोंडावर बत्ती मारून नाही. आणि पहिला काढायचा तो आपल्या यजमानांचा, म्हणजे आमच्या काकाजींचा.

पण काकाजी कॅमेरा दिसला की गोठ्यात जात. गल्लीत त्या दोन-तीन वर्षांत जे जे नवे फोटो लागले, त्या सगळ्यांना हार होते, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं होतं. "माह्या मांगं काऊन लागली वं? मले नाही जायचं भिंतीवर," असं ते दरवेळी म्हणत. अशाने प्रत्येक रोलमधली एक जागा शेवटपर्यंत राखीव राही आणि अखेर तिथेही माझीच वर्णी लागे.

मग औरंगाबादच्या दुकानदाराचा निरोप आला, की आता या फिल्म येणं बंद होतंय, काय लागेल ते सांगा. मावशींना निवड करावीच लागली. त्यांनी पिवळी डबी निवडली. "ह्यात माणूस आपल्या घरात बसलेला दिसते," म्हणाल्या. म्हणजे मी वांगं दिसलो ते फिल्मचं चुकलं नव्हतं. दुकानात त्या फिल्मचा एकच रोल शिल्लक होता. तो घेऊन मीच गेलो.

भाव नव्हता म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला होता. संध्याकाळी काकाजी त्या ढिगाला टेकून बसले होते. "एक डाव बसा ना," मावशी म्हणाल्या. ते नाही म्हणाले. मावशींनी कॅमेरा मांडीवर ठेवला. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "मंग तुमचं तोंड मी कार्डावर पाहू काय?"

काकाजींनी हातातल्या कापसातली सरकी काढून बाजूला टाकली. मग म्हणाले, "जवाईबापूले बसव बाजूले. दोघांच्या फोटूले हार नाही घालत कोणी."

मी लगबगीने बसलो. मासिकात पाहिलेला गंभीर चेहरा करून हनुवटी वर केली आणि कापूस नाकात जाऊन अशी शिंक दिली, की काकाजी पोट धरून हसले. तेवढ्यात खटका वाजला.

काकाजी पुढे बऱ्याच वर्षांनी गेले, म्हातारपणाने, आपल्या खाटेवर. चिखलीचा स्टुडिओवाला म्हणाला, बाजूच्या माणसाला कॉम्प्युटरवर काढून टाकतो. "राहू द्या," मावशी म्हणाल्या. "त्यायनंच बसवलं हाये." त्यामुळे तो फोटो बिनहाराचा कपाटावर उभा आहे. भेटायला आलेली माणसं हात जोडतात आणि मग माझ्याकडे पाहून घोटाळतात. मला त्याचं हसू येतं, आणि काकाजींची फार आठवणही येते.

परवा गेलो तेव्हा मावशी त्या फोटोची काच पुसत होत्या, माझी बाजूसुद्धा. मला दारात पाहून म्हणाल्या, "जवाईबापू, तुम्ही लय म्हातारे दिसून राह्यले आता." मग पुन्हा काचेकडे वळल्या. "हे मात्र हासूनच राह्यले."