रिलिव्हर आल्याशिवाय उठायचं नाही

तापमानावर आमच्या काकांइतका जीव लावणारा माणूस उभ्या खालापूर तालुक्यात दुसरा झालेला नाही. काका म्हणजे माझे चुलत सासरे. स्वतःला ताप आला तर तो उतरावा असं त्यांना फारसं वाटायचं नाही. तो किती वेळात किती चढला आणि कुठे थांबला हे वहीत लिहून झालं की निम्मं दुखणं बरं व्हायचं. घरात आलेल्या माणसाला "बस, पाणी घे" म्हणायच्या आधी ते "बाहेर किती आसंल?" असं विचारत. त्याने "असेल अडतीस" म्हटलं की "साडेएकोणचाळीस" अशी दुरुस्ती करून मग पाण्याचा तांब्या पुढे करत. माझ्या हातून दूध उतू गेलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "दूध आधी सांगतं गं, सूनबाई. आवाज बदलतो त्याचा. आयकायला पायजे." मी ऐकत नसे. मला दुकान उघडायचं असे.

हे खूळ त्यांनी नोकरीतून घरी आणलं होतं. साजगावच्या बाजूला एका कागद कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. दर तासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी आणि तापमान बघायचं, लॉगबुकात लिहायचं, आणि शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन सही करेपर्यंत जागचं हलायचं नाही. पेटता बॉयलर एकटा सोडायचा नसतो. लग्नानंतर काकूंना सिनेमाला घेऊन जायचं ठरलं होतं आणि रिलिव्हर आला नाही म्हणून काकू शिळफाट्याला तीन तास उभ्या राहिल्या, ही गोष्ट काकू शेवटपर्यंत सांगत होत्या. काका त्यावर एवढंच म्हणत, "मग काय, उडवून देऊ कारखाना?"

पुढे काकू गेल्या, कारखाना बंद पडला, आणि काका आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत नुसते बसून राहायला लागले. एका नोव्हेंबरात ते हयातीच्या दाखल्यासाठी माझ्या दुकानात आले. शिळफाट्याला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. बॉयलरच्या दारांनी त्यांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसून टाकल्या होत्या, त्यामुळे मशीन त्यांना जिवंत मानायला तयार होईना. दहाही बोटं दोनदा लावून झाली. तेवढ्या वेळात त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर गेली.

"ह्यो आकडा कसला गं?"

"प्रोसेसरचं तापमान आहे. काका, बोट नीट दाबा."

"एकसष्ट? आनि आग कुठं हाय?"

"आग नसते. वीज असते."

"आनि पाणी?"

"पाणी कशाला? पंखा आहे ना आत."

गॅसवर दूध ठेवून गावाला निघालेल्या बाईकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाण्यावाचून एकसष्ट," ते स्वतःशीच म्हणाले. त्याच क्षणी मशीनने अंगठा ओळखला आणि काका जिवंत असल्याचं सरकारदरबारी नोंदलं गेलं. मशीनला उगीच नावं ठेवली, असं मला नंतर वाटलं. ते बरोबर वेळेची वाट बघत होतं.

त्याच सुमारास नेरळच्या एका नव्या सोसायटीतला एक तरुण बदली होऊन चालला होता. त्याचा गेम खेळायचा जुना दणकट कॉम्प्युटर मी दुकानासाठी घेतला. तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. मी तो काकांना देऊन टाकला, निदान काही दिवस शांततेत जातील म्हणून. पण त्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला वेगाचं बंधन नव्हतं. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त पळवता येत होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की वीज जास्त द्यावी लागते, वीज वाढली की प्रोसेसर तापतो, आणि शंभराच्या आसपास गेला की जीव वाचवायला आपणच मंद होतो किंवा सरळ बंद पडतो. काकांनी मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघून हे सगळं समजून घेतलं आणि मला बोलावून सांगितलं, "बॉयलरच हाय गं. लहान हाय, एवढंच."

त्या व्हिडिओतली पोरं चार गिगाहर्ट्झच्या वेगावरून पाचावर एका दुपारात जात. काकांना दिवाळीपासून होळीपर्यंत वेळ लागला. एक टप्पा चढवायचा, मग आठ दिवस नुसती निरीक्षणं. "घाई केली का तडकतो," असं ते म्हणत. प्रोसेसर तडकत नाही, हे मी सांगून बघितलं. "तुमच्यात नसंल तडकत," हे उत्तर मिळालं. पंखा त्यांनी पहिल्याच महिन्यात काढून टाकला. कर्जतच्या बाजारातून एक भला मोठा रांजण आणून तो ओल्या गोणपाटात गुंडाळला. कूलरचा पंप रांजणातलं पाणी नळीने प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरवायचा आणि परत रांजणात सोडायचा. पाणीही साधं नाही. बोअरच्या पाण्यात चुना असतो आणि त्याची खपली नळीत धरते, म्हणून पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून, फडक्यातून दोनदा गाळून ठेवलेलं. रांजणाच्या कडेला पातळी दिसायला काचेची उभी नळी, तिच्यावर लाल खूण. प्रोसेसर आणि ठोकळ्यामध्ये जी राखाडी पेस्ट लावतात ती मुगाच्या दाण्याएवढी हवी की मटकीच्या, यावर त्यांनी माझ्या जावयाला साखरपुड्याच्या दिवशी अर्धा तास धरून ठेवलं होतं. जावई अजून त्यांना पेस्टवाले आजोबा म्हणतो.

आता एवढ्या वेगाने तो कॉम्प्युटर करायचा काय? काही नाही. प्रोसेसरवर ताण टाकणारा एक प्रोग्राम असतो, तो नुसती आकडेमोड करत बसतो आणि उत्तर कुणालाच नको असतं. मी एकदा म्हटलं, "काका, कारखान्यात निदान त्या वाफेवर कागद तरी सुकायचा." दुसऱ्या दिवशी बघते तर कॉम्प्युटरच्या मागे, वीज पुरवणाऱ्या डब्याचा पंखा गरम हवा सोडायचा तिथे, दोरीवर त्यांचे दोन बनियन वाळत होते.

यातून मला त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. धोक्याचा भोंगा वाजला की चूल विझवायची, ही त्यांची सवय. बॉयलरवर अशा वेळी जळता कोळसा बाहेर ओढतात. इथे कोळसा नव्हता. पहिल्यांदा तापमान पंच्याण्णवला गेलं आणि कॉम्प्युटर टीं टीं करायला लागला तेव्हा "आग काढाऽ!" असं ओरडत काका अंगणातून धावले आणि त्यांनी दोन्ही घरांचा मेन स्विच पाडला. माझ्या मिक्सरमध्ये अर्धी वाटलेली चटणी होती. आमचे हे बाथरूममध्ये अंधारात साबण शोधत होते, ते आतून ओरडले, "काय पेटलं?" काका शांतपणे म्हणाले, "काय नाय. वेळेवर काढली." चार वेळा असं झाल्यावर मी त्यांच्या खोलीत वेगळा स्विच बसवून घेतला आणि त्यावर लाल रंगाने "आग" असं लिहून दिलं.

या वैशाखात त्यांना दोनदा चक्कर आली. नाशिकहून त्यांची मुलगी, माझी चुलत नणंद, आली आणि रविवारी दुपारी बाबांना घेऊन जाते म्हणाली. तिचं बरोबरच होतं. मी दिवसभर दुकानात, आमचे हे कामावर, कोण बघणार? नाशिकचं घर सातव्या मजल्यावर, तिथे रांजण चढणार नव्हता. काका वाद घालतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "रविवारी किती वाजता?"

"तीनला निघू, बाबा."

"बरं. म्हंजे फर्स्ट शिफ्ट व्हईल."

पाच गिगाहर्ट्झवर, पूर्ण ताणाखाली, सलग आठ तास. हे त्यांना एकदाही जमलेलं नव्हतं. कधी सहाव्या तासाला पडदा निळा होऊन कॉम्प्युटर बंद पडायचा, कधी वीज जायची. ही शेवटची संधी होती. रविवारी सकाळी सातला त्यांनी सुरुवात केली. आठला सत्तर, नऊला बाहत्तर. हिशेब सोपा होता: ऊन चढेल तसं रांजणातलं पाणी तापणार, आणि पाणी तापेल तसा प्रोसेसर. मी स्वयंपाक करता करता दर तासाला डोकावत होते. तो निव्वळ योगायोग नव्हता, पण तसं दाखवत होते. बाराला ऐंशी. एकला वीज लुकलुकली आणि माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. वीज गेली नाही. काका गोणपाटावर पाणी शिंपडत होते. अडीचला अठ्ठ्याऐंशी. तीन वाजले. बाहेर रिक्षा येऊन उभी राहिली.

"झाले बाबा आठ तास," नणंद म्हणाली. "करा बंद, चला."

काका उठले नाहीत. "बंद नाय करायचं."

"अहो, गाडी चुकेल."

"रिलिव्हर नाय आला."

नणंदेने माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना."

मी सांगायला म्हणूनच पुढे झाले. तेव्हा काकांनी टेबलाखालून एक जुनी जाड वही काढली. कारखान्याचं शेवटचं लॉगबुक. शेवटच्या पानावर तीनपर्यंतच्या नोंदी, मग चारची, मग पाचची. "त्या दिवशी कोण आलाच नाय," काका म्हणाले. "पाचला वॉचमन आला, म्हनला, गेट बंद झाला, घरी जा. मीच काढली आग. एकट्यानं." पानाच्या तळाशी चार्ज देणाऱ्याची सही होती. शेजारी, चार्ज घेणाऱ्याची जागा कोरी.

मला रडारड आवडत नाही. मी हात पुसले आणि म्हटलं, "द्या पेन."

"आसं नाय. आधी बघून घे."

मग मी तापमान वाचलं, अठ्ठ्याऐंशी. पातळी वाचली, लाल खुणेच्या दोन बोटं वर. पंपाला कान लावला. नळ्यांना हात लावून कुठे ओल आहे का बघितलं. त्यांच्या नव्या वहीत वेळ घातली आणि सही केली. काकांनी ती सही चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. मग खांद्यावर टॉवेल टाकला आणि उठून सरळ रिक्षात जाऊन बसले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. नणंदेला त्याचं वाईट वाटलं, पण काकांनी मला पूर्वी सांगितलं होतं, चार्ज दिल्यावर मागं बघायचं नसतं, नवा माणूस बावरतो.

रिक्षा वळली की मी तो कॉम्प्युटर बंद करणार होते. केला, पण पाचला.

आता रोज दुपारी तीनला फोन येतो. "किती हाय?" मी जेवायला घरी आलेली असते, तेव्हा तासभर चालू ठेवते आणि सांगते. विजेचा विचार करून मी वेग मुकाट्याने चारावर आणला होता. पहिल्याच दिवशी "एकोणसाठ" म्हटलं तर पलीकडून आवाज आला, "आग कमी केलीस ना गं?" दुसऱ्या दिवशी पाचावर नेला. गोणपाट भिजवते. भिंतीपलीकडून आता काही ऐकू येत नाही, म्हणून असेल, पण दुधाचा आवाज खरंच आधी बदलतो.

दसऱ्याला येईन म्हणालेत, रांजणाला हार घालायला. वहीत रोज मी माझी सही करते. तिच्या शेजारची जागा कोरी सोडते.