एकाच पातेल्यातला अर्क

"बाटल्या म्होरं! झाकनं काडा! हलायचं न्हाई कुनी!"

सोसायटीच्या कट्ट्यावर गावातले झाडून सगळे लंगडे ओळीनं बसले होते आणि सुभेदार आमच्यापुढून परेड घेत चालले होते. पलटण सोडून जमाना झाला, तरी आवाज असा, की इथं ओरडले तर कोरेगावच्या बाजारात म्हशी उठून उभ्या राहायच्या.

आमचा रोग वातरक्ताचा. सांगलीचे डॉक्टर त्याला गाऊट म्हणतात. पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल होऊन टरारतो. माझ्या अंगठ्यावर एकदा माशी बसली, तर माझी बोंब ऐकून कोयनानगरची माणसं धरणी हलली समजून घराबाहेर आली. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

सुभेदार माझे भिंतीला भिंत लावून शेजारी. त्यांच्या परसात कडुनिंबावर गुळवेल चढली होती, अजगराला लाज वाटावी अशी. तिचा अर्क काढून ते गावभर वाटायचे. पिणारा एक, पण कडूपणानं शेजारच्याचंही तोंड वाकडं व्हायचं. वाटायचा नियम पलटणीच्या भटारखान्यातला: "लंगर समद्यांचा एक." सरपंच असो की ऊसतोडीवाला, पातेलं तेच आणि पळी तीच.

हा रोग सुभेदारणीलाही होता. शेवटची वर्षं तिनं या अर्कावरच काढली. सकाळी वाटी देऊन सुभेदार विचारायचे, "उतरलं का गं?" आणि ती म्हणायची, "उतरलं की." भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. ती गेल्यावर एकदा ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"गड्या, तिला खरंच उतार पडत हुता, का माझं मन राखायची रं ती?"

थापा मारण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही, पण त्या दिवशी मला एक थाप सुचली नाही.

हेच कोडं घेऊन ते सांगलीला गेले. कोणाकोणाचे उंबरे झिजवले देव जाणे, पण तिथल्या कॉलेजातल्या एक डॉक्टरीणबाई चाचणी घ्यायला तयार झाल्या. सुभेदारांनी निम्मी वेल तोडून दिली. बाई अर्क घेऊन आल्या, सारख्या बाटल्या, सारखा रंग, सारखा कडूपणा. रडक्या तोंडापासून हसऱ्या तोंडापर्यंत चित्रांची एक पट्टीही आणली. ज्याला जेवढी कळ, त्यानं त्या तोंडावर बोट ठेवायचं.

"निम्म्या बाटल्यांत अर्क आहे, निम्म्यांत नुसतं कडू पाणी," बाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. "कोणाला काय मिळालं, ते मलाही माहीत नाही. चाचणी संपल्यावर कळेल."

"म्हंजी निम्मी मानसं पानी पिऊन कळा सोसनार?"

"हो काका. त्याशिवाय अर्काचा गुण कसा कळणार?"

सुभेदारांनी मान हलवली. बाईंची गाडी वेशीबाहेर गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर ती परेड भरली.

सगळ्या बाटल्या त्यांनी मोठ्या पातेल्यात ओतल्या, पळीनं ढवळल्या आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या बाटलीत भरून दिल्या. "लंगर समद्यांचा एक." आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढं दर खेपेला बाटल्या आल्या, की हेच.

चाचणी संपली आणि बाई निकाल घेऊन आल्या. चेहरा पडलेला. "अर्क घेणारे आणि पाणी पिणारे, दोघांना अगदी सारखाच फरक आहे. म्हणजे अर्कात काही नाही, असं दिसतंय."

"सारकाच येनार की," सुभेदार छाती काढून म्हणाले. "मी हातानं सारका वाटलाय."

बाई मटकन कट्ट्यावर बसल्या. मग त्यांनी हळूहळू समजावलं. त्या बोलत होत्या आणि सुभेदारांची छाती खाली खाली जात होती.

"आवं बाई, पन निम्म्या पंगतीला वाडायचं आन निम्मी उपाशी ठेवायची, हे मला कसं जमावं?" आणि मग अगदी हळू, "परत घ्याल?"

बाई बघते म्हणाल्या. कॉलेजनं पुन्हा परवानगी दिली नाही.

त्यानंतर कोरेगावच्या म्हशी निवांत बसून राहिल्या. अर्क मागायला कोणी गेलं की सुभेदार द्यायचे, पण "उतरलं का?" हे त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही. गेल्या थंडीत ते गेले. वेल आता माझ्या भिंतीवरून आत उतरली आहे.

परवा अंगठा दाखवायला सांगलीला गेलो होतो. त्याच बाई. राहवलं नाही, विचारलं, "बाई, सुभेदारणीला त्या अर्कानं खरंच उतरत असेल का हो?"

"ते आता सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पाय वर घ्या."